खाजामामूची चार बोटं

पत्र्यावर पहिला ठोका हाणायच्या आधी खाजामामू इचारायचे, "ठोकू का, बाई?" आन मी माझ्या खोलीतून "ठोका, मामू" म्हणल्याबिगर त्यांची मोगरी खाली यायची न्हाई. रोज सकाळी. जेवून उठल्यावर परत. मधी च्या प्यायला थांबले तर त्याच्यानंतर बी.

ह्याचं कारन मी. भूकंपात आमचं गाव बसलं तव्हा माझ्या लग्नाला आठ महिने झालते. सासू आन नणंद भिताडाखाली गेल्या, मी आन हे अंगणात बाजंवर होतो म्हणून ऱ्हायलो. तव्हापासून कसला बी धाडकन आवाज आला की मी उघड्यावर पळत सुटायची, चुलीवर दूध असू न्हाईतर तवा. पुढं आम्ही लातूरला आलो, ह्यांना एका संस्थेत वाचमनची नोकरी लागली, संस्थेनंच पत्र्याची खोली दिली, आन शेजारी पत्र्याचंच शेड घालून खाजामामू बसलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी पत्रा ठोकला आन मी किंचाळत भाईर आले, पदर एकीकडं, पायात काय न्हाई. मला वाटलं हसतील. त्यांनी मोगरी खाली ठिवली, म्हणले, "पत्रा मारत न्हाई बेटा, दगड मारतो. पर तुझ्या कानाला ते कसं कळावं? आजपासून पुसून ठोकतो."

चार वर्सं पुसलं. एक दिवस चुकले न्हाईत. आन अशा माणसाचं म्या जे केलं ते सांगायचंय मला, पण आधी माणूस सांगते, न्हाईतर माझंच रडगाणं व्हईल.

मामू बुटके, पाठ रुंद, डोक्याला जाळीची टोपी, ती बी पत्र्याच्या काजळीनं काळी पडलेली. हाताची बोटं इतकी जाड की कपाच्या कानात एक बी जायचं न्हाई, म्हणून बशीतनंच च्या प्यायचे आन म्हणायचे, "कप बायकांसाठी हाय." त्यांचा बाप कणग्या आन घागरी बनवायचा, मामूनी भूकंपानंतर शेडं ठोकली, गावंच्या गावं ठोकली, आन मग लातुरात शिकवणीला पोरापोरींचा लोंढा सुरू झाला तव्हा ट्रंका सुरू केल्या. हॉस्टेलातल्या लेकराला ट्रंक लागतीच. ट्रंक झाली की मामू तिच्या काठावरून मनगटाची आतली बाजू फिरवायचे, नाडी बघत्यात ना तिथली. हाताचं कातडं लई निबर झाल्तं त्यांचं, त्याला धार कळत नव्हती, म्हणून मनगट. "माझ्या हाताला लागत न्हाई ते लेकराला लागतं," म्हणायचे. अजून बी एखाद्या ट्रंकेच्या काठावरून मनगट फिरवलं की मला सांगता येतं ती खाजामामूची हाय का दुसऱ्याची.

त्यांच्याकडं फुटपट्टी नव्हती, टेप नव्हता. इत, मूठ, अंगठा, चार बोटं, सगळं मोजमाप अंगावरच. कुणी हसलं तर म्हणायचे, "टेप हरवतो. बोटं कुठं जातेत?"

आमचे हे ज्या शेडाची राखण करायचे त्यात एक इमान होतं. ल्हानसं, वर पंख, खाली दोन जाडजूड चाकं आन शेपटीला एक चिमुकलं. संस्थेचे कप्तान साहेब ते उडवायचे, पुण्याकडचे म्हातारे, फौजेतनं उतरलेले, सरळ ताठ. ते आठवड्यातून एकदोनदा इस्लापूरच्या बाजूला जंगलात औषधं घेऊन जायचे. तिथं काही धावपट्टी-बिट्टी न्हाई, नुसता मुरमाचा तुकडा, त्याच्यावर उतरायचं. म्हणूनच चाकं जाड आन पाय मजबूत.

आन ते पायच नडायले होते. एक दिवस कप्तान साहेब इमानापुढं कमरंवर हात ठिवून उभे, मामू बिजागरी बसवायला आलते, त्यांना साहेब म्हणले, "खाजाभाई, मोठी विमानं उडाली की पाय पोटात घेतात. हे घेत नाही. ह्याचे लटकतात. गोल पाइप, रबर, चाकं, सगळ्यांना हवा अडते. मी जितकं जोरात जावं तितकी जास्त अडते."

मामूनी पायाच्या पाइपाला गच्च धरून बघितलं, बैलाचा पाय बघावा तसा. म्हणले, "मग पेट्रोल इंजन नै पीता, साहेब. पाय पीतेत."

साहेब लई हसले. पण गोष्ट हसायची नव्हती. इस्लापूरला पेट्रोल मिळायचं न्हाई, जायचं-यायचं दोन्ही इथनंच डब्यात भरून न्यायचं. ते डबे कमी झाले असते तर तेवढ्या वजनात एक सिस्टर बसली असती. तिकडं बाया बाळंतपणात अडून मरायल्या होत्या. माझी छबी तव्हा चार महिन्यांची होती, मी बी दोन दिवस अडलते, मला दवाखाना होता म्हणून वाचले. साहेब सिस्टरचं बोलले आन माझ्या अंगावर काटा आला.

"करून बघू," मामू म्हणले. पैशाचं बोललेच न्हाईत.

दुसऱ्या दिवशी मामूनी बाजारातनं ही एवढी मरळ आणली. फळीवर ठिवली आन मला हाक मारली, "इकडं ये बाई, ही बघ. पान्यात जल्दी कोन जातं? मासा. मग त्याचं तोंड कसं हाय? सुरीवानी?"

"न्हाई. बोथट हाय."

"आन शेपूट?"

"बारीक व्हत गेलं."

"हवा बी पान्याचीच बहीण हाय. म्होरून धक्का देत न्हाई ती, म्हागून ओढती. तिला म्हागं निसटायला वाट दे, मग ती गप ऱ्हाती." असं म्हणून त्यांनी त्या मरळीला इतीनं मोजलं, डोक्याजवळ मोजलं, पोटाजवळ मोजलं, कोळशानं फळीवर तिचा आकार काढला. मग मासा कापला, तिखटात घोळला आन कप्तान साहेबाला बी खाऊ घातला. साहेब म्हणले, "खाजाभाई, हेच आमच्या पुस्तकात दहा पानं खर्चून लिहिलंय." मामू म्हणले, "पुस्तकाला मीठ कमी असंल."

जर्मलचा पातळ पत्रा, म्हंजी अल्युमिनचा, तो वाकवून मामूनी पायाच्या पाइपाला माशाच्या आकाराचं खोळ केलं. म्होरून गोल, म्हागं निमुळतं. रबराचे पट्टे जिथं गुंडाळले होते तिथं पत्रा चालत न्हाई, रबर ताणतं ना उतरताना, तिथं कॅनव्हासचा मोजा पायजे होता. तो म्या शिवला. सातवी नापास बाई मी, पण हात माझा सुईला बरा. साहेबांनी तो मोजा बघून "वा, सुरेखाबाई" म्हणलं. मला तोवर कुणी नावानं हाक मारलीच नव्हती, पाटलाच्यात कामाला जायची तिथं बी "ए पोरी" असायचं.

खोळ खरंच काम करतं का हे बघायचं होतं, तर साहेब म्हणले दोऱ्याचे तुकडे चिकटवा आन वाऱ्यात धरा. मग एका टेम्पोत म्हागं मामू, हातात इमानाच्या पायासारखा गोल पाइप, त्याच्यावर माझ्या रिळातले लाल दोरे चिकटवलेले, आन मी दोरे बघायला, कामून तर मामूची नजर उलीशी कमी झालती.

"मामू, माझं लेकरू घरी हाय," म्या म्हणलं.

"मग घरीच ऱ्हाऊ दे की. काय टेम्पोला बांधतेस?"

टेम्पो चाकूरच्या रस्त्याला लागला, भरधाव. मामूनी पाइप भाईर काढला. दोरे असे पिसाळले, असे गोल गोल नाचायले, पाइपाच्या म्हागं तर उलटे म्होरं यायले. अंगात आल्यासारखे. "नाचायलेत!" मी वरडले. मग मामूनी पाइपावर खोळ चढवलं आन परत भाईर धरलं. मी बघतच ऱ्हायले. सगळे दोरे चापून चोपून निजले, तेल लावून भांग पाडावा तसे.

"बोल ना!" मामू वरडले. "क्या दिखता?"

"झोपले, मामू! समदे झोपले!"

त्यांनी धान्य मोजायचा ताणकाटा बी पाइपाला बांधला होता, हवा किती ओढती ते बघायला. खोळ नसताना काटा पार खाली गेल्ता, खोळ घातल्यावर जागचा हाललाच न्हाई म्हणा. मामू टेम्पोत उभं राहून हसायले, टोपी उडून गेली, टेम्पो थांबवून परत पळत जाऊन आणली. त्या दिवशी पहिल्यांदा भूकंपानंतर मला वाटलं की जमीन हालली तरी काय होत न्हाई.

खोळं बसली. पेट्रोलचे डबे कमी झाले. आन एका मंगळवारी सिस्टर इमानात बसल्या. साहेबांनी मामूला बी म्हणलं, चल एकदा वर. मामूनी कानाला हात लावला. "मैं पायवाला आदमी, साहेब. पाय जमीन का काम है." इमान उडालं की ते मान वर करून न बघता त्याच्या सावलीकडं बघायचे, ती शेतावरून सरकत जायची, आन त्यात पाय दिसतेत का शोधायचे.

आता चाकांचं सांगते. तिथंच सगळं आलं.

साहेबांनी एका बाहेरच्या मासिकातला फोटो दाखवला, चाकांवर बी टोपण, अर्ध्या नारळासारखं, चाक आत, नुसतं टोक भाईर. "हे केलं तर अजून एक पेटी औषध जाईल," म्हणले.

मामूनी मान हलवली. "नक्को साहेब. पावसाळ्यात आमचे लोकं सायकलीचं मडगार्ड काढून घरी खिळ्याला टांगतेत. कामून? काळी माती. चाकाला चिकटती, मडगार्डात भरती, चाक जाम. आदमी सायकल खांद्यावर घेऊन घरी येतो."

"मी मुरुमावर उतरतो."

"मुरूम संपला की काळीच हाय."

बरेच दिवस असं चाललं. शेवटी मामू तयार झाले, पण आपल्या अटीवर. टोपण नुसतं उन्हाळ्यात. आभाळात ढग दिसला की काढायचं. आन चाकाच्या भोवती सगळीकडून चार बोटं फट, कमी न्हाई. "चार बोटं फट असली तर माती आपल्या वजनानं पडून जाती," म्हणले. बसवून झालं की स्वता हात आत घालून चाकाभोवती फिरवायचे. उजवं चाक, डावं चाक. ते झाल्याबिगर इमान भाईर काढू द्यायचे न्हाईत.

त्या उन्हाळ्यात मामूची लेक नांदेडला बाळंतीण व्हायची होती, ते तिकडं गेले. जायच्या आधी डावं टोपण चाकावर धरून ठिवणारी पट्टी तडकलेली दिसली. मला म्हणले, "बाई, नवी पट्टी कापून ठिवलीय. तू बसव. तुझा हात हलका हाय. चार बोटं फट ठेव, भोकं पाड, रिबिट मार. आन मग?"

"हात घालून बघायचा."

"शाबास."

ज्या दिवशी बसवायची त्या दिवशी छबीला ताप होता. झोळीत टाकलेली, सारखी किरकिर, मी एक पाय झोळीच्या दोरीला अडकवून झोका द्यायले आन हातानं पट्टी धरायले. चार बोटं लावून खूण केली, भोकं पाडली, रिबिटा मारल्या. हात आत घातला. गेली चारी बोटं. चिकटून गेली, पण गेली.

मग माझी नजर उजव्या चाकाकडं गेली. तिथली फट मोठी दिसली.

दिसली म्हणजे दिसलीच. आजवर मी मनाला लई येळा सांगितलंय की घाईत ध्यानात आलं न्हाई. आलं होतं. म्या उजव्या चाकात बी हात घातला, तिथं माझी बोटं सैल हलली, अंगठा सुदिक गेला असता. एक घडीभर मी तशीच उकिडवी बसले. पण परत करायचं तर पट्टी नवी कापायची, भोकं परत पाडायची, छबी रडून रडून लाल झालती, आन कप्तान साहेब फाटकातून आत येऊन राहिले होते. म्या मनात म्हणलं, मामूचंच उजवं उलीसं जास्त झालं असंल. मामूचं! ज्या माणसानं कधी फट चुकवली न्हाई त्याचं.

"झालं का?" साहेबांनी इचारलं.

"झालं," म्या म्हणलं.

"हात घातला?"

"घातला."

इथं आभाळ निरभ्र होतं. तिकडं इस्लापूरला आदल्या दिवशी अवकाळी पडून गेल्ता, ते इथं कुणाला ठाऊक. साहेब उतरले तव्हा मुरूम वला होता, कडंला काळी माती. डावं चाक मातीत गेलं, टोपणात माती भरली, चाक एकाएकी जाम झालं. इमान डावीकडं गरकन फिरलं आन नाकावर पडलं. साहेबाचं गळपट्टीचं हाड मोडलं. सिस्टरचं मनगट मोडलं. जीव वाचले.

टोपणं टेम्पोत घालून आणली. आतली माती वाळून विटेसारखी झालती, डाव्यातली. उजव्यातली वाटंत आपोआप पडून गेल्ती.

संस्थेचे मॅनेजर आले. अंगणात सगळे उभे, आमचे हे एका बाजूला, हातातली काठी छातीशी धरून. मामू नांदेडहून तसेच आलते, नातवाचं तोंड बघून, पिशवी खांद्याला. मॅनेजरनी इचारलं, "हे डावं कुणी बसवलं?"

माझ्या मनात काय आलं सांगू? इमान न्हाई, साहेब न्हाई, सिस्टर न्हाई. मला आमची खोली दिसली. संस्थेची खोली. ह्यांची नोकरी दिसली. छबीला कडंवर घेऊन परत उघड्यावर, परत ताडपत्रीखाली.

"म्याच बसवलं," म्या म्हणलं. आन लगीच पुढं म्हणलं, "पण मामूनी सांगितलं तसंच बसवलं."

"म्हणजे माप मामूंचं?"

मी मान हलवली. हो म्हणून.

मामू खाली बसले, डाव्या टोपणाची माती बोटानं खरडून काढली, जिथं चाक असतं तिथली खूण बघितली, आन आपली चार बोटं त्या फटीत घालायला गेले. जाईनात. तीनच गेली. तशीच बोटं आत अडकवून त्यांनी मान वर केली आन माझ्या हाताकडं बघितलं. माझ्या तोंडाकडं न्हाई. हाताकडं. म्या हात छबीच्या झबल्याखाली लपवला.

मला वाटलं आता बोलतील. बोलायला पायजे होतं. ते उठले, धोतराला हात पुसले.

"हौ," म्हणले. "माप माझं हाय."

बस. इतकंच.

त्याच्यानंतर संस्थेनं इमान ट्रकात घालून नेलं ते परत आलंच न्हाई. इस्लापूरच्या बायांना सिस्टर परत बैलगाडीनंच. लातुरात गोष्ट पसरली, आन पसरताना वाढली, खाजानं टोपण कच्चं केलं, खाजानं पत्रा हलका वापरला, खाजाच्या पत्र्यानं इमान पडलं. हॉस्टेलवाले म्हणायले, इमान पाडणाऱ्याच्या ट्रंका नको. एकानं तर तोंडावर म्हणलं, "मामू, तुमची ट्रंक रेल्वेत ठेवली तर रुळावरून उतरंल का?" सगळे हसले. मामू बी हसले. मी तिथंच होते, पाण्याचा हंडा घेऊन. मी बी हसले. कामून हसले ते मला अजून कळलं न्हाई.

आन तरी रोज सकाळी, "ठोकू का, बाई?"

"ठोका, मामू."

दोन महिने असं. त्या "ठोकू का" च्या आधी ते जराशे थांबायचे. आधीपेक्षा जास्त. मला तव्हा वाटायचं वय झालं.

मग ते लेकीकडं नांदेडला गेले, आन त्यांच्या शेडाच्या जागी शिकवणीचा क्लास आला, तीन मजली, भाईर नंबर आलेल्या पोरांच्या फोटोंचा फळा. आमचे हे आता तिथं वाचमन, मी वरच्या मजल्यावर पोरींच्या हॉस्टेलात पोळ्या करते. खोली ऱ्हायली. ज्याच्यासाठी केलं ते ऱ्हायलं. दर जूनला पोरी ट्रंका घेऊन येतेत, मी मनगट फिरवत बसते, मामूची आता एक बी येत न्हाई.

ह्या साली छबीचा कान वाहायला लागला म्हणून नांदेडच्या डाक्टरकडं नेलं. येताना मी रिक्षावाल्याला म्हणलं, इथं कुठं खाजामामू ट्रंकवाले हायत का. मनात ठरवूनच गेल्ते. पाच वर्सं ठरवायले होते.

गल्लीत ल्हान दुकान. मामू वाळले होते. पण टोपी तीच, काळी. दोन बाया तिथं कामाला होत्या, एक कडी बसवायली, एक पत्रा कापायली. मामूनी मला बघितलं, "अरे, आमची बाई!" म्हणले, छबीला पेढ्यासाठी माणूस पाठवला, तिचा कान बघितला, फुंकर मारली. सगळं केलं.

भितीवर खिळ्याला दोरीनं एक लाकडाचा गुटका टांगलेला होता, तासून गुळगुळीत केलेला. छबीनं हात लावला. "हे काय हाय, मामू?"

"ये मेरी चार उंगली है," मामू म्हणले. "इथल्या बायांना द्यायला. प्रत्येकीची बोटं अलग असतेत ना. अल्लानं एकसारखी दिली न्हाईत. तुझी लावून बघ."

छबीनं आपला हात गुटक्यावर ठिवला. अर्धं बी लाकूड झाकलं न्हाई. ती खिदळली.

म्या म्हणलं, "मामू, ते डावं चाक. ती फट. म्या उजव्यात बी हात घालून बघितलं होतं. मला दिसलं होतं. आन मी—"

"मालूम है."

"कव्हापासून?"

"त्याच दिवशी. माझी तीन गेली, तुझी चार गेली असतील." ते कात्रीचा खिळा घट्ट करायले होते, नजर खालीच. "गलती पहली माझीच होती. बोटं सांगितली, लाकूड द्यायला पायजे होतं. ते मी कबूल केलं. दुसरं जे होतं ते तू बोलशील म्हणून थांबलो."

मला सकाळचं ते थांबणं आठवलं. "ठोकू का" च्या आधीचं.

"साहेबानं दवाखान्यातनं खत धाडलं होतं," मामू म्हणले. "एकच ओळ. खाजाभाई, तुमचं माप चुकलं कसं? मेरे कू जवाब नै सूझा. काय लिहू? माप बरोबर होतं असं लिहू, तर मग कोनाचं चुकलं ते लिहावं लागतं. नै लिख्या. साहेब गेल्या साली गुजर गये. त्यांना वाटलं असंल, खाजाचं माप चुकलं."

मी रडायला लागले. मामू म्हणले, "अब मेरे कू बोलके क्या फायदा, बेटा? मला तर मालूमच होतं. जिनको मालूम न्हाई, उनको बोल."

रागानं न्हाई म्हणले. रागानं म्हणले असते तर बरं झालं असतं.

म्हणून हे लिहायला घेतलं. लातुरात अजून कुणी म्हणत असंल खाजाच्या पत्र्यानं इमान पडलं, तर ते माझ्या बोटांनी पडलं, आन बोटांपेक्षा माझ्या जबानीनं. क्लासच्या मालकाला आन आमच्या ह्यांना अजून तोंडानं सांगितलेलं न्हाई. कागद वाचला तर कळंल. भ्या तर वाटतंच.

निघताना मामूनी गुटका परत खिळ्याला टांगला. टांगताना सवयीनं आपली चार बोटं त्याच्यावर ठिवली. बोटं आता लाकडापेक्षा बारीक झालती, दोन्ही कडंनी गुटका भाईर ऱ्हायला. त्यांनी बी बघितलं.

आम्ही रिक्षात बसलो. मामू पाठमोरे पत्र्यावर वाकले, मोगरी उचलली, आन वरच थांबवली.

"ठोकू का, बाई?"

मान वळवली न्हाई त्यांनी. मोगरी तशीच हवेत. हाताखालच्या बाया बी थांबल्या, त्यांना कळंना कोणाला इचारायलेत. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. मी नुसतंच तोंड उघडलं.

छबी वरडली, "ठोका, मामू!"

मग त्यांनी ठोकलं.